अक्षराआधीचं पुस्तक

बीड जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत लहान मुलाच्या हाती येणारं पहिलं पुस्तक म्हणजे अंकलिपी. आठवडी बाजारात पाटी-पेन्सिलीच्या शेजारी ती मिळते. मुखपृष्ठावर देवादिकांचं नाहीतर गुटगुटीत बाळाचं चित्र, आत चौकटीचौकटीत अक्षरं. अ अननसाचा, आ आईचा. बालाघाटच्या डोंगरात वाढणारं जे मूल सीताफळ नुसतं दाबून पिकलंय की नाही ते सांगतं, त्याला वाचनाच्या दारात पहिला भेटतो तो अननस, जो त्याने कधी चाखलेलाही नसतो. तरी मूल सगळं पाठ करतं. पाहुणे आले की त्याला म्हणून दाखवायला लावतात आणि ते घडाघडा म्हणतं. पुस्तक उलटं धरलं तरी त्याचं म्हणणं अडत नाही, कारण ते वाचत नसतंच.

अंकलिपीशी माझं भांडण नाही. ज्या घरांत दुसरं छापील काहीही नव्हतं, त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तिने अक्षर पोचवलं. पण अक्षर ओळखायच्या आधी मुलाला काही गोष्टी उमजाव्या लागतात: पुस्तकात कुणीतरी असतं, त्याचं काहीतरी घडतं, पान उलटलं की पुढचं कळतं, आणि उद्या पुन्हा उघडलं तरी तेच तिथे असतं. त्या काळ्या खुणांमधून मोठी माणसं शब्द काढतात, आणि ते शब्द ऐकावेसे वाटतात. ज्या मुलाला हे उमजलेलं असतं त्याला अक्षरं शिकण्याचं कारण मिळालेलं असतं. ज्याला उमजलेलं नाही ते पहिलीत बसून नुसते आकार गिरवतं. या पुस्तिकेचा विषय ही अक्षराआधीची तीन-चार वर्षं आहेत: घरातल्या मोठ्या माणसाने मुलाला जवळ घ्यायचं आणि त्याच्याबरोबर चित्रांचं पुस्तक वाचायचं.

हे सांगायला गेलं की आपल्याकडे पहिलाच प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. वाचणार कोण?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातल्या सात वर्षांवरच्या महिलांपैकी सुमारे दोन तृतीयांश साक्षर होत्या. या आकड्यात शाळेत जाणाऱ्या मुलीही आल्या. त्या वगळून आज्यांच्या वयाच्या बायकांकडे पाहिलं तर चित्र आणखी उतरतं. आईचं काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या महिलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे आठवी-नववीत दप्तर ठेवलेली मुलगी दोन-तीन वर्षांत आई होते. तिला वाचता येतं, पण शाळा सुटल्यापासून तिच्या हातात पुस्तक आलेलं नसतं, आणि ‘आपल्याला आता कुठं येतंय’ असं ती स्वतःच म्हणायला लागलेली असते. बापाचं तर विचारूच नये अशी समजूत. लेकरू त्याच्या मांडीवर खेळतं, पण पुस्तकाचं खातं त्याच्याकडे नाही, असं घरानेच ठरवून टाकलेलं.

त्यात ऊसतोड. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडच्या कारखान्यांवर जाते, सीमा ओलांडून कर्नाटकातही जाते, आणि घरी परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. शाळेच्या पटावर असलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघतात. पहिलीच्या आतल्या मुलाला ती सोय नाही. ते एकतर आईबरोबर फडावर जातं, पाचटाच्या आणि वाढ्यांच्या कोपीत राहतं, नाहीतर गावात आजीजवळ उरतं. सहा महिने त्या मुलाचं घर म्हणजे आजी.

म्हणून ही पुस्तिका ज्यांना वाचता येत नाही त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. ही तिची सर्वांत महत्त्वाची बाजू आहे असं मला वाटतं. वाचता न येणारी आजी नातवंडाबरोबर पुस्तक वाचू शकते. समजूत काढायला म्हणून मी हे लिहीत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर अंगठा लावणारी एक आजी आणि तिची साडेतीन वर्षांची नात ओट्यावर बसल्या होत्या. पुस्तक नातीच्या हातात. चित्रात एक शेळी उंबरा ओलांडून घरात आलेली, चुलीपुढे परातीत पीठ, आणि पलीकडे एक म्हातारी पाठमोरी बसून काहीतरी निवडतेय.

“ही कुनाची शेळी?” आजीने विचारलं.

“आपली न्हाई. आपलीला शिंगं हायेत.”

“मंग म्हातारी हाकलंना कशी?”

नात चित्राकडे बघत राहिली. आजीही गप्प बसली, तिने उत्तर पुरवलं नाही. मग नात म्हणाली, “पाठ हाय ना तिची.”

“आता गं? काय करंल शेळी?”

“पीठ खाईल.” आणि खरंच खातेय का ते बघायला तिने आपणच पान उलटलं.

या चार वाक्यांत किती काय आहे ते पाहा. चित्रातली शेळी तिने घरच्या शेळीशी ताडून पाहिली आणि फरक सांगितला. म्हातारीला शेळी का दिसत नाही हे तिने म्हातारीच्या जागी बसून ओळखलं. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही. पुढे काय होईल याचा अंदाज बांधला आणि तो खरा की खोटा हे पाहायला पुस्तकाकडेच गेली. पाचवी-सहावीच्या प्रश्नपत्रिकेत ‘उतारा वाचून उत्तरे लिहा’ असं म्हणून आपण जे तपासतो, त्याची पूर्वतयारी इथे ओट्यावर झाली, आणि दोघींपैकी एकीलाही अक्षर येत नव्हतं. आजीचं सर्वांत मोठं कसब कोणतं म्हणाल, तर ती थांबली. शिकलेली माणसं इथेच चुकतात. त्यांना उत्तर माहीत असतं आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आजीने सहज केलं त्याचा अभ्यास जगात झालेला आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या घरी एक प्रयोग केला. दोन्ही गटांतली आईवडील मंडळी मुलांबरोबर पुस्तकं वाचतच होती. एका गटाला एवढंच शिकवलं की ‘हे काय आहे?’ यावर न थांबता ‘इथे काय चाललंय?’ असं मोकळं विचारा, मूल जे बोलेल त्यात एखादा शब्द घालून ते वाक्य पुरं करा, आणि हळूहळू गोष्ट सांगायचं काम मुलाकडे द्या. महिनाभरात त्या मुलांचं बोलणं दुसऱ्या गटाच्या स्पष्टपणे पुढे गेलं. तो सुखवस्तू घरांतला प्रयोग होता म्हणून कुणी शंका घेईल. पण १९९२ मध्ये मेक्सिकोतल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांबरोबर पाळणाघरात तीच रीत वापरली, तेव्हाही मुलांची भाषा वाढलेली दिसली. दोन्हीकडे फळ आलं ते पुस्तकाभोवतीच्या बोलण्याचं.

आणि बोलण्याच्या बाबतीत आपली आजी गरीब नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या गटाने खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. १९९० च्या दशकात त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. शाळा न पाहिलेल्या या बायका जात्याच्या फेऱ्यात ओळ जुळवत, यमक साधत, चार चरणांत माणूस उभा करत. त्या पिढीच्या ओठांवर म्हणी आहेत, उखाणे आहेत, कोडी आहेत, राजा-राणीच्या आणि कोल्ह्या-करकोच्याच्या कहाण्या आहेत. शब्दांचे आवाज कानात घोळण्यासाठी, दोन शब्दांचा शेवट सारखा वाजतो हे मुलाला कळण्यासाठी यापेक्षा चांगलं साधन कुठलीही अंगणवाडी विकत आणू शकणार नाही. चित्राचं पुस्तक मध्ये ठेवलं की हे सगळं धन त्या पुस्तकाभोवती गोळा होतं, आणि मुलाच्या मनात पुस्तक ही वस्तू आजीच्या आवाजाशी जोडली जाते.

चित्रं म्हणजे खेळ, खरा अभ्यास अक्षरांचा, असं मानणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांना मी अंबाजोगाईला घेऊन जाईन. आद्यकवी मुकुंदराजांच्या या गावात दासोपंतांची पासोडी आहे: सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ओव्या आणि आकृत्या मांडून त्यांनी पंचीकरणासारखा अवघड विषय समजावून दिला. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीला प्रौढ साधकांसाठीसुद्धा नुसते शब्द पुरेसे वाटले नाहीत. तिकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगत आले. चित्र दाखवायचं आणि त्यावर बोलायचं, ही आपल्याकडे मोठ्यांची रीत होती. तीच आता घरातल्या लहानग्याशी करायची आहे.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर वाचकाची फसगत होईल. आजी चित्रावर कितीही सुंदर बोलली तरी छापील ओळ मुलाला तिच्याकडून मिळणार नाही. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, शब्दांमध्ये मोकळी जागा असते, आणि आज जे वाक्य ऐकलं तेच उद्याही शब्दन्‌शब्द तसंच येतं, हे कळायला कुणीतरी मजकूर वाचून दाखवावा लागतो. मराठीत याची गरज जरा जास्तच आहे. ‘चिमणी’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी कागदावर च च्या आधी येते आणि तोंडात च च्या नंतर. जोडाक्षरात एखादं अक्षर कधी पायाशी जातं, कधी डोक्यावर रफार होऊन बसतं. अशी वळणं शेकडो वेळा डोळ्यांखालून गेलेली असतील तर पहिलीत शिकवताना मूल बिचकत नाही.

घरात ओळ वाचू शकणारं माणूस बहुधा असतं. फक्त त्याला कुणी ते काम दिलेलं नसतं. तिसरी-चौथीतली ताई हे ते माणूस. ती ओळीखाली बोट फिरवत वाचते, आजी चित्रावर बोलते, आणि धाकटं दोघींच्या मध्ये बसतं. यात ताईचाही फायदा आहे. शाळेत तिला अडखळल्याबद्दल बोलणी बसतात; इथे तिचा श्रोता तीन वर्षांचा असतो आणि तेच पुस्तक पाचव्यांदा वाच म्हणतो. सोपं पुस्तक पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणं हाच तिच्यासाठी उत्तम सराव. शाळा सोडून संसाराला लागलेल्या तरुण आईलाही हेच लागू आहे. एका पानावर दोन ओळी असलेलं पुस्तक तिला घाबरवत नाही. लेकरासाठी म्हणून ती वाचायला लागते आणि आपलं वाचन परत मिळवते.

पालघरमध्ये मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड माध्यमाच्या मुलांचा पहिली ते तिसरी असा सलग अभ्यास झाला. त्यातून दिसलं ते आपल्या शिक्षकांना नवं नाही: वर्गातला बराच वेळ सुटी अक्षरं आणि बाराखडी उतरवण्यात जातो, अर्थाकडे लक्ष फार कमी, आणि इतकं करूनही पुष्कळ मुलांची अक्षरंसुद्धा पक्की होत नाहीत. शिक्षकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. अर्थाची ओढ घेऊन आलेलं मूल त्यांच्या वर्गात आलं, तर त्यांचंच काम हलकं होईल.

भाषेबद्दल थोडं. जिल्ह्यात ठिकठिकाणी लमाणांचे तांडे आहेत. तिथलं मूल आईला याडी म्हणतं आणि भाकरीला बाटी. बीड, अंबाजोगाई, परळीतल्या मोहल्ल्यांत घरची बोली उर्दू-दखनी आहे. आणि मराठी घरांतही ‘काय करायलास’, ‘कुटं चाललाव’ हीच भाषा चालते. पुस्तकातल्या ‘कुठे चालला आहेस’पर्यंत यायला या सगळ्या मुलांना वेळ लागतो. चित्र त्यांना तो वेळ देतं. चित्रातली भाकरी कुठल्याही बोलीत भाकरीच दिसते. मूल बाटी म्हणालं तर ‘हां, बाटी’ म्हणावं, आणि मग छापलेला शब्द वाचावा. दोन्ही शब्द त्याच्याजवळ राहतील. ‘असं नाही म्हणायचं’ या तीन शब्दांनी बोलकी लेकरं गप्प होताना मी पाहिली आहेत, आणि गप्प झालेलं मूल पुन्हा बोलतं करायला फार दिवस लागतात.

पुस्तकं कोणती घ्यावीत याची चर्चा पुढे सविस्तर आहे, म्हणून इथे थोडक्यात. मराठीत आज चांगली चित्रपुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागेल. गोष्ट त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, आणि घरातलं रोजचं जगणं त्यांच्या पानांवर जसं येतं तसं फार कमी ठिकाणी येतं. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची पुस्तकं खिशाला झेपणारी आहेत. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर तर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. बाजारात रस्त्यावर मिळणारी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, ज्यांत एका पानावर विमान आणि दुसऱ्यावर गाजर असतं, ती नावं शिकवायला ठीक. पण त्यांत काही घडत नाही, त्यामुळे बोलायला काही सापडत नाही. आणि कृपा करून गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाने गोष्टीची परीक्षा होते आणि मूल पुढच्या वेळी पुस्तक आणायला उठत नाही.

मोबाइलबद्दल प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. फोनवर पुस्तकाची पानं उघडून आईने मुलाबरोबर वाचली तर ते वाचनच आहे. गाण्याचा व्हिडिओ लावून फोन मुलाच्या हातात देणं वेगळं. व्हिडिओ प्रश्न विचारतो, पण उत्तरासाठी थांबत नाही. ‘पाठ हाय ना तिची’ हे वाक्य यायला जेवढा वेळ लागला तेवढा तो कधीच देणार नाही.

पुस्तक फाटेल ही भीती घरातही आहे आणि अंगणवाडीतही. अंगणवाडीताईंवर पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, नोंदवह्या आणि मोबाइलवरची माहिती एवढं ओझं आहे, की साहित्य हरवलं तर जाब कोण देणार या धास्तीने पुस्तकं कपाटात कुलूपबंद राहतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वरच्यांनी हे लेखी द्यायला हवं, की वापरून फाटलेलं पुस्तक हा हिशेबात धरलेला खर्च आहे. दोन वर्षं कोरं राहिलेलं पुस्तक दिसलं तर मात्र चौकशी व्हावी.

अंगणवाडी हा शब्द आज सरकारी योजनेचा वाटतो. त्यामागचा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आला. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाहिलं, की मूल शाळेपर्यंत येत नाही, म्हणून शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, जिथे गुरं तिथे शिक्षण. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली; कुरणशाळेचा विचार मात्र मागे पडला. बीडच्या मुलांना त्याचीच गरज आहे. फडावर साखरशाळा निघाल्या, काही चांगल्या चालल्या, बऱ्याच बंद पडल्या, कारण टोळी एका जागी टिकत नाही आणि आज इथली कोपी उद्या दुसऱ्या शिवारात उभी राहते. पुस्तकाला हे बंधन नाही. भांडी, पांघरुणं आणि पिठाच्या डब्याबरोबर तेही गाडीत चढू शकतं. पहाटे तीन-चारला उठून दिवसभर मोळ्या वाहिलेल्या बाईकडून रात्री अर्धा तास वाचनाची अपेक्षा करणं क्रूरपणाचं होईल. पण टायरगाडी भरण्याची वाट पाहताना, कारखान्यावर गाडी खाली होईपर्यंत रांगेत तासन्‌तास बसताना दहा मिनिटं निघतात, आणि लहान मुलाला एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त लागतही नाही.

म्हणून ज्या संस्था, ग्रामपंचायती आणि शिक्षक ही पुस्तिका हाती घेऊन काम सुरू करतील, त्यांना वेळापत्रकाबद्दल एक विनंती. पुस्तकं भाद्रपदातच वाटा. दिवाळीनंतर आलेला खोका अर्ध्या रिकाम्या झालेल्या गावात उघडला जातो. आणि ज्या घरातलं एक मूल आईबरोबर निघालंय आणि दुसरं आजीजवळ राहणार आहे, त्या घराला एकाच पुस्तकाच्या दोन प्रती द्या. फोनवर ‘जेवलास का’ आणि ‘बरा हायेस ना’ झालं की सहा महिने दूर असलेल्या आईला लेकराशी काय बोलावं ते सुचत नाही. दोघांपुढे तेच पान असेल तर शेळीने पुढे काय केलं हे ते तिला सांगू शकेल. खर्च दुप्पट होईल. तो करावा.